वाई ते मिरज, अक्कांना घेऊन

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. म्हसवडजवळच्या वस्तीवर राहतात. फोनवर बोलता बोलता म्हणाल्या, बंद झालेली पाळी परत सुरू झाल्यागत वाटतंय. पाळी गेल्यावर असं पुन्हा रक्त जाणं चांगलं नाही, हे मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली आणि पहाटे वाईच्या स्टँडवर उभी राहिले.

साताऱ्यात गाडी बदला, वडूजला पुन्हा बदला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिशाला झळ नाही. पाठीचं मात्र मी सांगू शकत नाही. कोरेगाव मागे पडलं की ऊस विरळ होत जातो आणि मग नुसती माळरानं. मला हा मोकळेपणा फार आवडतो. त्या दिवशी मात्र डोक्यात अक्काच होत्या.

मी बँकेत नोकरीला. दरवर्षी तपासणी होते, त्यात माझ्या गर्भाशयाच्या मुखाशी बिघडलेल्या पेशी सापडल्या होत्या. दुखत-खुपत काही नव्हतं. छोटा उपचार झाला, संध्याकाळी घरी येऊन मी वरण-भात खाल्ला. अक्कांच्या वस्तीवरही एकदा शिबिर आलं होतं म्हणे, पण तेव्हा ही मंडळी मेंढरं घेऊन कृष्णाकाठी गेलेली. त्यांच्यासाठी पुन्हा कोण येणार?

वस्तीवर हुलग्याचं गरम माडगं मिळालं. त्या बाजूला गेलात तर नक्की प्या. अक्कांना मी सरळ म्हटलं, उद्या मिरजेला मोठ्या दवाखान्यात जायचं. त्या हळूच म्हणाल्या, "पाळी गेली तवापास्नं नाथाचा निवद माझ्याकडं हाय. आता हे कळलं तर पुन्ना बाजूला बसायचं."

देवाच्या नैवेद्याचा मान हातून जाऊ नये म्हणून त्यांनी कित्येक महिने लपवलं होतं. मला फार राग आला. भावजी, म्हणजे अक्कांचे यजमान, दारातच बसले होते. आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, रानात तीन दगडांवर स्वतः भाकरी थापणारा माणूस. म्हणाले, "निवद मी करतो. तू जा."

दुसऱ्या दिवशी दिघंची, आटपाडी, भिवघाट, तासगाव करत मिरज. वाटेत तासगावची द्राक्षं घेतली, अक्कांनी बसमध्ये सगळ्यांना वाटली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरून शांतपणे तपासलं, गर्भाशयाच्या मुखाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. अक्कांना सांगलीत त्यांच्या बहिणीकडे सोडून मी कऱ्हाडमार्गे वाईला परतले.

निकाल आला तो कॅन्सरचा. बरं होण्याची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. पण किरणांचे उपचार काही आठवडे चालतील. माझं एका दुपारीत निभावलं होतं. एकाच घरच्या आम्ही दोघी सुना. मला हे टोचतं, आणि तरी त्या दवाखान्यापर्यंत पोचल्या याबद्दल मी भावजींची, त्या डॉक्टरीणबाईंची, अगदी खडखडणाऱ्या एसटीचीसुद्धा ऋणी आहे.

परवा अक्कांचा सांगलीहून, बहिणीच्या घरून फोन आला. आवाज थकलेला, पण घाईत होत्या.

"सुनंदा, वस्तीवरच्या चौघी आल्यात. घरी सांगितलंय, अक्काला बघाया जातो. तपासून घ्यायचंय त्यास्नी. पयलं कुठं न्यायचं, सांग बरं."