चिखलसरांची नळी आन माझा फ्लेक्स

अख्ख्या मावळात पाण्याच्या तळाचा चिखल वाचणारा मी एकलाच. कागुद मातर मला वाचता येत न्हाई; तिकोणा पेठेत एस्टी आली की पाटीवर काय लिवलंय ते अजून दुसऱ्याला इचारतो.

ही इद्या चिखलसरांची. सर पुण्याचे, मोठे शास्त्रज्ञ. पण गाव त्यांला चिखलसरच म्हणायचं, कारण तळातनं चिखल वर आला की आधी वास घ्यायचे, मंग चिमूटभर दाताखाली धरायचे. "कचकच लागली की रेती, लोण्यासारखा लागला की गाळ." मी बी एकदा धरला. लोणी लागलं. धरणात वरच्या अंगाला म्हशी धुत्यात, ते नंतर आठवलं.

पवनेच्या धरणात माझी होडी. होडीतनं जड नळी दोराला बांधून सोडायची, तळात घुसली की वर ओढायची, आन आतला चिखल उभाच्या उभा न्यायचा. आडवी केली की थर मिसळत्यात. जीपमधी सर नळीला पट्टा बांधायचे आन सोता मोकळे बसायचे.

खरं काम त्यांचं नॉर्वेला. हितं नुसती नळीची परीक्षा. "भाऊ, हा तुंग, तो तिकोणा, आणि मधे शिरलेलं पाणी बघा," सर म्हणायचे. "तिकडं डोंगरांत असाच समुद्र शिरलाय. त्याला फियोर्ड म्हणतात. तोंडाशी पाण्याखाली उंबरा, आत खोल आणि शांत. बाहेरचा प्रवाह उंबरा ओलांडून येतो आणि बरोबर आणलेलं तळाशी ठेवून जातो. जोर असला तर जाड रेती, नसला तर बारीक गाळ. उबदार पाण्यातल्या जिवांचे शिंपले निराळे, गार पाण्यातल्यांचे निराळे. हजारो वर्षांमागं समुद्र कसा वाहत होता, ते सगळं थरांत आहे. चिखल खोटं बोलत नाही, भाऊ."

आन चांगली नळी निघाली की माझ्या पाठीवर थाप. "पुढची आपण दोघं नॉर्वेत काढायची. पासपोर्ट काढून ठेवा!"

काढला की! पोलीस चौकशीला आला, तसं गावाला कळलं. शाल, नारळ झालं. चौकात फ्लेक्स लागला: गॉगल घातलेला मी, वर म्हणे "परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली शुभेच्छुकांची त्वांडं माझ्यापरीस मोठी. लोणावळ्यातनं कानटोपी आणली. भर उन्हाळ्यात घरात घालून बसायचो, सवय व्हावी म्हणून.

मंग सरांचा फोन लागंना. एक दिवस त्यांचं स्टेटस दिसलं. त्याला वाचायची गरजच न्हवती. काळं पाणी, बर्फाचे डोंगर, आपलीच नळी, आन तिला धरून दुसराच गडी. सर हसत व्हते.

त्या दिशी होडी सोडली न्हाई. न्हेलं न्हाई त्याचं येवढं न्हाई. "भाऊ, मी निघतोय," येवढं तरी सांगायचं. चौकात जो त्यो इचारी, "कवा निघताय?" मी म्हणायचो, "इमान धुक्यात अडकलंय." वरनं माझाच फोटू माझ्याकडं बघून हसायचा. चिखल खोटं बोलत न्हाई, खरं हाय. चिखल काढणाऱ्याचं सरांनी सांगितलंच न्हवतं.

पावसाळा सरल्यावर सर घरी आले. हातात बाटली, तिच्यात करडा चिखल. "तुमच्यासाठी, भाऊ. फियोर्डातला."

मी हात म्होरं केला न्हाई. म्हटलं, "सर, मला न्यायचं व्हतं."

सर थबकले. खरंच आठवू लागले. "मी... असं म्हणालो होतो?"

हजारो वर्सांमागं समुद्र कुटनं कुटं वाहिला, ते ध्यानात. माझ्या होडीतलं बोलणं न्हाई. म्हंजी माझ्या आत येवढा जाड थर बसला, आन त्यांच्या तळाला कणभर बी न्हाई.

सरांची मान खाली गेली. "पुढच्या वेळी नक्की, भाऊ. शब्द देतो."

त्या दिसापास्नं सर पुन्ना आले न्हाईत. बाटली फळीवर हाय. त्यातला चिमूटभर मी दाताखाली धरला, कचकचला. तिकडं प्रवाहाला लय जोर असणार.

पण सरांनी शब्द दिला, त्या दिशी मी काय केलं? बेशरम हात बाटलीकडं गेला, आन त्वांडानं इचारलं, "कवा, सर?"

कारभारीण गोठ्यात धार काढत व्हती. पाऊस गळू नये म्हणून चौकातला फ्लेक्स तिनंच गोठ्यावर ताणलेला, माझं त्वांड म्हशीकडं करून. तितनंच वराडली, "गप बसा! दुसरा फ्लेक्स ताणायला आपल्याकडं दुसरा गोठा न्हाई!"