खांद्यांचा वार आणि एका मताचा ठराव

स्वतः मांडलेल्या ठरावाला स्वतःच हात वर न करणारा गद्दार तुम्ही कधी पाहिलाय? तो मीच.

डहाणूच्या जिममध्ये नाव घातलं, तेव्हा मी आठवड्याचं वेळापत्रक लिहिलं. सोमवारी पाय, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे. एकदा राबवलेल्या स्नायूला निदान दोन दिवस विश्रांती. शोषण स्नायूंचंही नको! (हे वाक्य लाल शाईत.) कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकवला आणि तिथेच क्रांती फसली.

आई आणि मी चिकूच्या वाडीत मजुरीला जातो. सोमवारी तिने कागद वाचला.

"आज पाय ना? चल, विवळवेढ्याचा गड चढू. देवीचं दर्शन राहिलंय."

"आई, संध्याकाळी जिम आहे!"

"मग? पाय तेच ना?"

मंगळवारी पाठ, म्हणून चिकूचे क्रेट टेम्पोपर्यंत वाहिले. बुधवारी खांदे, म्हणून जाळी लावलेला लांब बांबू दिवसभर वर धरून चिकू काढले. संध्याकाळी जिममध्ये पुन्हा तेच खांदे! (तत्त्व म्हणजे तत्त्व.)

"अरे भाई," जिमचे सर म्हणाले, "याला व्यायाम नाय, मारहाण बोलतात!"

गुरुवारी केस विंचरायला डोकंच कंगव्यापर्यंत न्यावं लागलं. आणि नेमकी त्याच संध्याकाळी वाडीतल्या मजुरांची सभा! आठवड्याची भरपगारी सुट्टी शेठकडे मागायची की नाही? पत्रक माझं, भाषण माझं, आग माझी. सभा चालवणाऱ्या रमणकाकांनी हात मोजले.

"सुट्टी हवी, अकरा. नको, अकरा. आणि हा भाषण ठोकणारा गप्प! अरे, हात कर की वर!"

"काका, जात नाहीये!"

"बघा! शेठने फोडला याला!"

"नाही हो! खांदे..."

आई शेजारीच होती. तिचा एक हात वर होताच. दुसऱ्याने तिने माझं कोपर धरलं आणि क्रेट उचलावा तसं वर केलं.

"आई गंऽऽ!" मी किंचाळलो.

"झिंदाबाद!" मागची मंडळी ओरडली. त्यांना ती घोषणाच वाटली.

"त्याचाच हात आहे ना? मोजा!" आई म्हणाली.

"बारा! ठराव मंजूर!"

आठवड्यात शेठनेही मान्य केलं. जिंकलो! पहिल्या रविवारी आई खाटेवर पाय पसरून बसली. "सुट्टी म्हणजे चुलीलाही सुट्टी. पत्रकात तूच लिहिलंयस."

तेव्हापासून रविवारच्या नागलीच्या भाकऱ्या मी थापतो. तुमच्या वेळापत्रकात जबड्याचा व्यायाम राहिला असेल, तर येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला या.