सह्यांचे चेंडू

बॉलवाले भाऊजी हात धुतल्याशिवाय कोणाला कपाटाजवळ येऊ देत नसत. धुतलेले हातही पुसायला लावत, आणि मग चेंडू लांबूनच दाखवत. दुबईजवळ अजमानला आम्ही शेजारी राहायचो. त्यांची बायको-मुलं चिपळूणला, ते इथे एका अमेरिकन कंपनीत स्टोअरकीपर. चेंडू बेसबॉलचे, पिवळे पडलेले, वर कुठल्या कुठल्या जुन्या खेळाडूंच्या सह्या. हा खेळ भाऊजींनी जन्मात पाहिला नव्हता.

मायदेशी परतणारे अमेरिकन लोक शुक्रवारी दुबईतल्या व्हिलांच्या दारात घरातलं सामान विकायला मांडत. आम्ही मिक्सर, गाद्या शोधायचो. भाऊजी विचारायचे, "एनी ओल्ड बॉल, मॅडम? विथ साइन?" आमचे हे त्यांना चिडवत, "अहो, या चेंडूंनी धड क्रिकेट तरी खेळता येतं का?"

"खेळून झालेत ते," भाऊजी म्हणायचे. "आता नुसते जपायचे."

त्यांचा एसी बिघडला की चेंडू रुमालात बांधून आमच्या हॉलमध्ये आणून ठेवत. माझा मुलगा म्हणायचा, "अंकल इज क्रेझी." मलाही तसंच वाटायचं.

त्यातला एक चेंडू मात्र त्यांचा नव्हता, कंपनीच्या साहेबांचा होता. साहेबांच्या वडिलांनी लहानपणी मैदानाच्या फाटकाशी उभं राहून अख्ख्या टीमच्या सह्या घेतल्या होत्या. वडील गेले आणि साहेबांजवळ त्यांची तेवढीच वस्तू उरली. मग साहेबांची अचानक आफ्रिकेत बदली झाली. तिथे सामानाचा भरवसा नाही, म्हणून चेंडू भाऊजींकडे ठेवून गेले. "अमानत आहे, वहिनी," भाऊजी सांगायचे. "मला काही झालं तर पहिला हा पोचवायचा." स्वतःच्या मुलांचे वाढदिवस त्यांच्या लक्षात राहत नसत. चेंडूची चौकशी करणारा साहेबांचा फोन मात्र कधी आला होता, ते पाठ असे.

दसऱ्याला आमच्या बिल्डिंगमधली मराठी माणसं पाने-पक्कड, गाडीची किल्ली, मुलांची पुस्तकं पूजायची. भाऊजी पाटावर चेंडू मांडत, पण लांबूनच अक्षता टाकत. त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला, पुढच्या महिन्यात येतो म्हणून. भाऊजी हरखून गेले. "हा आता घरी चालला, वहिनी. कुंकू न लावता कसा पाठवू?" त्यांनी ओल्या बोटाने साहेबांच्या चेंडूला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. कुंकू कातड्यात मुरलं. ते पाहून घाबरले आणि ओल्या फडक्याने पुसायला गेले, तशी जुनी शाई सुटली. नावं एकमेकांत कालवून तांबडा-निळा डाग झाला. चेंडू घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी तरी काय करणार होते?

साहेब आले, खूप थकलेले दिसत होते. चहा करायला म्हणून भाऊजींनी मला बोलावलं होतं. चेंडू देताना म्हणाले, "प्रेअर, सर. ओन्ली प्रेअर." साहेबांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिला. रागावले नाहीत. चहा संपवला, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला, "इट्स ओके, माय फ्रेंड. यू कीप इट," म्हणाले, आणि चेंडू टेबलावर ठेवून निघून गेले.

"चला, तुम्हालाच दिला की," मी म्हटलं.

"दिला नाही, वहिनी, टाकला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर भाऊजी शुक्रवारी बाहेर पडले नाहीत. बाकीचे चेंडू पिशवीत भरून खाली वाळूत खेळणाऱ्या पोरांना देऊन आले. पोरांनी बॅटने हाणून आठवड्याभरात शिवणी उसवल्या. ते गॅलरीतून बघत होते, एकदाही ओरडले नाहीत. पुढे कंपनी बंद पडली, व्हिसा रद्द झाला. ह्यांनी त्यांना शारजाच्या विमानतळावर सोडलं. "परत या," म्हटलं तर भाऊजी "खलास" एवढंच म्हणाले.

गावी ते फार जगले नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या बायकोचा मला फोन आला. "ताई, ह्यांच्या पेटीत एक डागाळलेला चेंडू आहे. कोणाचा?"

"त्यांच्या साहेबांचा."

"मग पाठवून देऊ का त्यांना?"

"नको. त्यांनी घेतला नाही."

मग ती म्हणाली, "टाकून देते."

मी नको म्हटलं नाही.