बॉनेटवरचा आकडा

आमच्या वहिनींचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यात माझी भर पडायची गरज नाही. पण त्यांना माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, हेही खरं. घरी त्या खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या, आणि दिवसभर गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आमच्यात फार तर दोन गाड्यांचं अंतर. शिवाय कौतुक करणारा वरवर बघतो. हेवा करणाऱ्याला बारीक बघावं लागतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बुटक्या, गोल चष्म्याच्या, केस कायम रुमालाखाली बांधलेले, एप्रनच्या खिशात शिवणकामाची टेप. त्यांना वर्कशॉपमध्ये मीच चिकटवलं हे आधी सांगून टाकतो, कारण आता ते कुणाच्या लक्षात नाही. दादाची पाठ कामातून गेली आणि त्याचं ट्रक चालवणं सुटलं, तेव्हा मी मालकांच्या मागे लागून वहिनींना सीटकव्हर शिवायला आणलं. मी तिथे गाड्यांना फिल्म लावायचो. रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून गाडीवर काचेसारखी दिसणारी जाडसर फिल्म चढवतात, ती. साबणाचं पाणी मारून ती पसरायची, रबरी पट्टीने पाणी बाहेर काढायचं, कडा आत दुमडायच्या. अख्ख्या वर्कशॉपमध्ये हे एकट्या मला यायचं आणि दुसऱ्या कुणाला ते येऊ नये याची मी काळजी घ्यायचो.

फिल्म लावणं हे मानाचं काम. काढणं म्हणजे हमाली. काढायला बसलं की नखं दुखतात, डिंक बोटांना चिकटून बसतो आणि बघायला कुत्रंही येत नाही. एकदा माझं बोट कापलं होतं, म्हणून मी म्हटलं, "वहिनी, एवढी या दाराची फिल्म काढून द्या." दुपारपर्यंत रडकुंडीला येतील असा माझा अंदाज होता. मी चहा पिऊन परत आलो तर फिल्म एका तुकड्यात खाली पडलेली आणि दारावर डिंकाचा ठिपका नाही.

"हे कसं केलंत?" मी विचारलं.

"काही नाही भाऊजी. शिवण उसवतो तसं. आपण ओढायचं नाही, ती येईल तेवढीच घ्यायची."

त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं, आणि ते दुखणं पुढे कधी थांबलं नाही.

हळूहळू दुसरीकडे वाट लागलेल्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या. बुडबुडे आलेल्या, कडा सुटलेल्या, पिवळ्या पडलेल्या. सगळ्यांना वहिनी हव्या असायच्या. वर्कशॉपमध्ये त्यांना 'सुईणबाई' नाव पडलं, कारण अडलेली फिल्म त्यांच्याच हाताने सुटायची. त्या गाडीपाशी उकिडव्या बसायच्या, गरम हवेची हीट गन लांब धरून कोपरा कोमट करायच्या, अंगठा आणि एका बोटात कड पकडायच्या आणि मग बराच वेळ काही होतच नाही असं वाटायचं. मी आपला पलीकडच्या गाडीवर उगाच जोरजोरात पट्टी फिरवायचो.

घरीही तेच. मी घरी आलो की दादा पूर्वी मला विचारायचा, आज कुठली गाडी केलीस? आता जिन्यातून त्याचा आवाज वर यायचा, "आज किती सोडवल्यास गं?" आणि आमची ही म्हणायची, "वहिनींचे दोन्ही हात चालतात आणि तोंड बंद असतं. तुमचं बरोबर उलटं." मी ताटावरून उठून जायचो नाही, कारण भूक लागलेली असायची. पण जेवण अंगाला लागायचं नाही.

अशात मालकांनी मागच्या बाजूला काचेची खोली बांधायला काढली. धूळ येऊ नये म्हणून दोन दारं, भिंतींवर दिव्यांच्या पट्ट्या, खाली पांढरी फरशी. फिल्मचं सगळं काम तिथे होणार आणि त्या खोलीचा एक प्रमुख असणार. प्रमुख कोण हे विचारायची मला गरजच वाटली नाही. कुठल्या कोपऱ्यात माझी खुर्ची ठेवायची तेही मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंची गाडी आली. गर्द निळी, त्यांनी वर्षभरापूर्वी सेकंडहँड घेतलेली. चार महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी फिल्म लावून घेतली होती आणि त्या माणसाने कामाचा पार विचका केला होता. बॉनेटवर फिल्मखाली धुळीचे कण, ताणल्याच्या पांढऱ्या रेघा, एका ठिकाणी तर डिंकात अंगठ्याचा अख्खा ठसा. पुढची कड सुटून तिच्यात काळी घाण बसलेली. बाई म्हणाल्या, "मला म्हणाला, बुडबुडे उन्हात आपोआप बसतील. मी रोज गाडी उन्हात लावली. आता तो फोन उचलत नाही."

मालकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "वहिनी, ही पूर्ण तुम्ही करा. काढायची आणि नवी लावायची, दोन्ही. जमलं तर नवी खोली तुमच्याकडे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आहेसच मदतीला."

तू आहेसच. पंधरा वर्षं काम केल्यावर माणूस 'आहेसच' होतो. आणि वहिनींना फिल्म लावायला शिकवलं कुणी? मालकांनी हेच विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजींचं बघून बघून." मी लपवून लपवून केलेलं काम त्या शिलाई मशीनवरून मान वर करून बघत होत्या आणि माझ्या ते गावीही नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः हजर. शाळेला सुट्टी होती. कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन त्या तपासत बसल्या. वहिनींनी दारांवरची फिल्म आधी काढली. एक ओरखडा नाही. मग बॉनेटपाशी आल्या, सुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थबकल्या.

"भाऊजी, जरा मीटर लावून बघता का? इथे हाताला वेगळं लागतंय."

हे मीटर म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र. ते माझ्या खणात, किल्ली माझ्या खिशात. कंपनीतून आलेला रंग शंभर-सव्वाशे दाखवतो. त्याहून फार जास्त आलं, तर कुणीतरी पुट्टी भरून पुन्हा रंगवलेलं आहे असं समजायचं, आणि अशा रंगावरून फिल्म काढली तर ती रंगच घेऊन येते. तिथे आधी गाडीच्या मालकाला सांगायचं, त्याची सही घ्यायची, मग वाफ देत देत बोटभर बोटभर काढायचं. हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण मीच ते दहा वेळा सांगितलं आहे.

कड सुटली होती तिथल्या उघड्या रंगावर मी मीटर टेकवलं. चारशे बारा. हातभर सरकून पुन्हा टेकवलं. तीनशे नव्वद. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. मला आनंद झाला.

"कंपनीचाच रंग आहे," मी म्हटलं. "ओढा बिनधास्त."

वहिनींनी कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग त्यांनी कोपरा कोमट केला आणि कड धरली. पहिली चार बोटं फिल्म नुसती आली. मग बारीकसा आवाज झाला, वाळलेलं पान चुरल्यासारखा, आणि तळहाताएवढा निळा रंग फिल्मला चिकटून वर आला. खाली पुट्टीचा करडा भाग उघडा पडला. वहिनींनी हात तिथेच थांबवला. फिल्म सोडली नाही, ओढलीही नाही.

बाई उठून आल्या. मालकही केबिनमधून आले. बाईंचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "त्या माणसाने निदान रंग तरी ठेवला होता," त्या म्हणाल्या.

"मीटर लावलं होतं ना?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडून झालं. माझी चूक आहे."

मालकांनी बाईंना बसवलं, बॉनेट नीट रंगवून द्यायचं कबूल केलं. मग वहिनींकडे न बघता मला म्हणाले, "खोलीचं तूच बघ. त्यांना सीटकव्हरवरच राहू दे." वहिनी आपल्या मशीनपाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी एकही टाका घातला नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि दुपारभर मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे बरोबर चालत निघालो. अर्ध्या रस्त्यापर्यंत आलो. शेवटी मलाच राहवलं नाही.

"वहिनी, तुम्ही स्वतःवर का घेतलंत? मीटर मी लावलं होतं."

"मग काय सांगायचं होतं? आकडा मी पण बघितला होता."

मी जागच्या जागी उभा राहिलो. "काय बघितलं होतं?"

"चारशे बारा. मग तीनशे नव्वद. तुमच्या खांद्यावरून दिसत होता की."

"मग ओढलंत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यासारखं काहीतरी विचारलं होतं. "तुम्ही म्हणालात ना, ओढा. मला वाटलं, मशीनला काय कळतंय. तुम्ही इतकी वर्षं करताय, तुम्हाला हाताने कळलं असेल. माझा अंगठा नको म्हणत होता, तरी म्हटलं, भाऊजी सांगतायत."

एखाद्याने तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. रस्त्यावर माणसं होती, कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन आमच्यामधून गेलं. मी म्हटलं, "वहिनी, मलाही आकडा कळला होता."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि तो बदलताना मला बघावा लागला. मला वाटलं रडतील, किंवा दादाचं नाव काढतील. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"खोलीसाठी?"

मी मान हलवली.

"मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं मालकांना," त्या म्हणाल्या. मग घराच्या वळणावर आल्यावर म्हणाल्या, "यांना मी काही सांगणार नाही. घरात नको. पण उद्या सकाळी मालकांना तुम्ही सांगा. मी आज सगळ्यांसमोर चूक केली म्हणाले, ती केली नव्हती. ते माझ्या नावावरून काढा."

रात्री मी पाच कारणं तयार केली. सकाळी केबिनमध्ये गेलो तेव्हा त्यातलं एकही सांगितलं नाही. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "जळत होतास?" मी हो म्हटलं. त्यांनी मला काढलं नाही. पण बाईंना बोलावून, माझ्यादेखत, मलाच सगळं पुन्हा सांगायला लावलं. बाईंनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "नवी फिल्म त्यांनीच लावायची. तुम्ही हात लावायचा नाही."

बॉनेट रंगवलं, रंग पक्का व्हायला महिना दिला आणि मग वहिनींनी काचेच्या खोलीत त्या गाडीवर फिल्म चढवली. आयुष्यातली पहिली. बाई कडेकडेने नख फिरवत राहिल्या, फिल्म कुठे संपते ते त्यांना सापडेना. त्या गेल्यावर मीही शोधलं. बराच वेळ शोधलं. मलाही सापडलं नाही.

खोली आता वहिनींची आहे. मी त्यांच्या हाताखाली काम करतो आणि काम चांगलं चालतं. माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच बोलतात, घरी काही गोडधोड केलं की पहिल्यासारखंच वरही पाठवतात. प्रत्येक गाडीला हात लावण्याआधी मला हाकही मारतात, "भाऊजी, मीटर बघता का?" मी मीटर टेकवतो, आकडा मोठ्याने वाचतो. मग त्या माझ्या शेजारी वाकतात, चष्मा वर करून आकडा स्वतः वाचतात, आणि मगच कड धरतात. हे बघणं त्या एकदाही चुकवत नाहीत.

आमची ही मधूनच विचारते, अजून जळता का वहिनींवर? जळतो. त्यांच्या अंगठ्यावर जळतो, त्यांच्या धीरावर जळतो. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हेवा मला त्या सकाळच्या माझाच वाटतो. आकडा डोळ्यांसमोर असताना, मी नुसतं 'ओढा' म्हटलं म्हणून वहिनींनी ओढलं होतं.