तो मान, ती मान

गावाचं नाव लिहीत नाही. मारणाऱ्यांची नातवंडं अजून तिथं राहतात, मार खाणाऱ्यांचीही राहतात.

दर्यापूरकडे आमच्या गावाजवळ पूर्णा नदी दोन फाट्यांनी वाहते आणि मधे एक बेट आहे. काळा खडक, थोडा गाळ, चार बाभळी. उन्हाळ्यात वाळूतून चालत जाता येतं. दसऱ्याच्या सुमारास मांडीभर पाणी असतं. बेटावर मरीआईचा शेंदूर लावलेला दगड आहे. अलीकडच्या काठाला आमचं गाव, पलीकडच्या काठाला दुसरं. दर दसऱ्याला त्या बेटावर रेडा कापत, आणि रेड्याचं मुंडकं डोक्यावर घेऊन गावाच्या शिवेवरून धावायचं काम आमच्या घराकडे होतं. काम म्हटलं तर माझा आजा चिडायचा. म्हणायचा, "काम नोको म्हनू पोरी. मान हाये थो."

रेडा वर्षभर मोकळा फिरायचा. कोणाच्याही शेतात शिरायचा, ज्वारीत तोंड घालायचा, त्याला कोणी हात लावत नसे. महारपुऱ्यातल्या आम्हा पोरांनी कापसाचं बोंड तोडलं तर पाठीवर काठी बसायची. रेड्याला मात्र लोक हात जोडायचे. मला तेव्हा रेड्याचा हेवा वाटे. दसऱ्याला त्याला कापतात हे माहीत असूनही वाटे.

दसऱ्याच्या सकाळी त्याला हळद लावून, गळ्यात लिंबाच्या पाल्याची माळ घालून पाण्यातून बेटावर नेत. पहिला वार पाटलाचा. पाटील कुऱ्हाडीचं टोक रेड्याच्या मानेला लावून रक्त काढायचा आणि बाजूला व्हायचा, धोतराला थेंब लागू नये म्हणून दोन पावलं जरा जास्तच. पुढचं सगळं माझ्या बानं करायचं. रेडा एका घावात पडत नसे. चार-पाच लागत. तो गुडघ्यावर बसला तरी ओरडायचा, आणि काठावर बाया लेकरांना वर उचलून दाखवत.

मग मुंडकं बाच्या डोक्यावर. खाली चुंबळ. ती माय तिच्या फाटक्या लुगड्याची करून द्यायची आणि रात्री जाळून टाकायची, कारण ती धुऊन निघत नसे. बानं दोन्ही हातांनी शिंगं धरून पाण्यात उतरायचं, काठावर यायचं आणि शिवेवरून धावायचं. रक्त त्याच्या डोळ्यांत, तोंडात जायचं. भोवती आमच्या गावाचे लाठीवाले. कारण पलीकडच्या गावाचे लोक लाठ्या घेऊन पाण्यातच उभे असत. मुंडकं त्यांनी पळवलं तर आपलं पीक त्यांच्या शेतात जातं, अशी समजूत होती. ते आधी लाठीवाल्यांना मारत नसत. ज्याचे दोन्ही हात वर आहेत त्याला मारणं सोपं. बाचे पुढचे दोन दात त्यातच गेले होते, आणि डोक्याच्या मागे एक खळगा होता. माझं बोट त्यात बसायचं.

हे सगळं कुठून आलं, ते आजा सांगायचा. फार मागे पटकीची साथ आली. दोन्ही काठांवर माणसं मरू लागली. तेव्हाच्या पाटलाच्या स्वप्नात मरीआई आली आणि म्हणाली, "मले बेटावर मान पाह्यजे." एवढंच म्हणाली. पाटील जागा झाला आणि विचारात पडला, की देवीला कोणता मान हवा? ओटी भरायची, की मुंडकं द्यायचं? घोळ नको म्हणून त्यानं मुंडकंच दिलं. ते माणसाचं होतं. आमच्या घरातल्या माणसाचं. साथ गेली. पुढच्या दसऱ्याला एक रेडा आपणहून पाण्यातून बेटावर आला आणि त्यानं दगडावर डोकं टेकवलं, म्हणून तेव्हापासून रेडा. आणि पहिली मान आमच्या घरची गेली म्हणून रेड्याचा मान आमचा.

आजा हे सांगताना छाती पुढे काढायचा.

मी तिसरीत असताना मास्तरांनी लिंग शिकवलं. एकच शब्द दोन लिंगांत वेगळा अर्थ देतो, म्हणाले. तो माळ, ती माळ. तो मान, ती मान. वाक्यं करून आणा. मी पाटीवर लिहिलं, "मान आमचा आहे. मान आमची गेली." मास्तरांनी ते दोनदा वाचलं. नंतर म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे. पूस."

घरी आल्यावर मी ती वाक्यं बाला म्हणून दाखवली. तो कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची मोळी बांधत होता. त्यानं दोरी सोडली आणि मला परत म्हणायला लावलं.

छप्पन साली दसऱ्याच्या आधी बा म्हणाला, मी नागपूरले चाललो, दीक्षा घ्यायले. पुऱ्यातले आणखी दोघं निघाले होते. मायनं धोतर नीळ घालून पांढरं केलं. तिला सातवा महिना होता, म्हणून ती राहिली.

आजा म्हणाला, "दसऱ्याले कोन हाये मंग?"

"कोनी नाई."

"अन् मान?"

"पडू दे."

"पटकी आली म्हंजे?"

"आली तं येऊ दे. दवाखाना हाये दर्यापुरात."

"मोठा शायना झाला! बाप मेला तरी चालन तुले."

"तुमी घरात बसा, मंग मरत नाई," बा म्हणाला आणि निघाला. दर्यापूरहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून नागपूर.

दसऱ्याला सकाळी पाटील स्वतः पुऱ्याच्या तोंडाशी आला. पुऱ्यात पाऊल टाकलं नाही. तिथूनच हाक दिली, "कुठं गेलं रे तुयं पोरगं?"

आजा वाकून बाहेर गेला. "जोहार मायबाप. बाहीरगावी गेला."

"धरम बदलाले गेला म्हन ना. लाजतं कायले? आता रेडा काय मी उचलू?"

मागची माणसं हसली. आजा म्हणाला, "मी हाये ना मायबाप. मी का मेलो?"

माय दारातून म्हणाली, "मामंजी, नोका जाऊ." सासऱ्यापुढे ती मोठ्यानं बोलली, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आजा म्हणाला, "चुंबळ कर." ती हलली नाही. मग त्यानं दोरीवरचं तिचं लुगडं ओढलं, टर्रकन फाडलं आणि स्वतःच चुंबळ वळली.

आजा साठीच्या पुढचा होता. रेडा कापायला त्याला नऊ घाव लागले. मी काठावरून मोजले. तोवर पलीकडचे लोक अर्ध्या पाण्यात आले होते आणि शिव्या देत होते, "म्हातारं पाठवलं रे! गावात बाप्या नाई का?" आजा मुंडकं घेऊन पाण्यात उतरला. लाठ्या चालू झाल्या. कोणाचं कपाळ फुटलं, कोणाची बोटं. पाणी ढवळून चिखल झाला होता. आमच्या लाठीवाल्यांचं कडं एका ठिकाणी तुटलं आणि तिथून दोघं आत आले. एकानं आजाच्या कोपरावर मारलं. त्यानं शिंग सोडलं नाही. दुसऱ्यानं मागून मानेवर मारलं.

तो सरळ खाली बसल्यासारखा पाण्यात गेला. मुंडकं त्याच्या अंगावर पडलं. पलीकडच्यांनी ते उचललं आणि पळाले. आमचं सगळं गाव त्या मुंडक्यामागं धावलं. पाण्यात पडलेल्या आजाकडे एक माणूस वळला नाही. मी आणि पोटुशी माय पाण्यात शिरलो, त्याचे हात धरून त्याला ओढत काठावर आणलं. मायकडे आता दुसरं लुगडं नव्हतं. ते ओलं लुगडं तिनं अंगावरच वाळवलं. आजाची चुंबळ काठाशी तरंगत आली होती; ती तिनं या खेपेला जाळली नाही.

बा तिसऱ्या दिवशी आला. आजा बाजेवर होता. त्याला मान वळवता येत नव्हती. बा समोर जाऊन बसला तेव्हा त्याला दिसला. आजानं विचारलं, "मान कोनं नेला रे?"

बा म्हणाला, "नेला एकदाचा. बरं झालं."

आजा त्याच रात्री गेला. कागदावर, पाय घसरून नदीत पडला, असं लिहिलं गेलं. ते लिहून देणारा पाटीलच होता. त्या वर्षी दोन्ही गावांना पीक सारखंच आलं. पलीकडे काही जास्त पिकलं नाही. ते मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

पुढच्या दसऱ्यापर्यंत बाला कोणी काही बोललं नाही. नवा रेडा मोकळा फिरत होता. गावाला वाटलं, राग निवला, हा येईल. बा जोहार घालत नव्हता तेवढं त्यांनी सोडून दिलं होतं. दसऱ्याच्या सकाळी तो नदीवर गेला नाही. म्हणून चौघं आले आणि त्याला दोन्ही बगलांत धरून काठावर घेऊन गेले. आम्ही मागे. मायच्या कडेवर माझा भाऊ.

रेडा बेटावर बांधलेला होता. पाटील काठावर उभा होता, फेटा बांधून.

"काहून रे, सांगाव लागते का?"

बा म्हणाला, "मी हे सोडलं. मागच्या सालीच सोडलं."

"तू देव सोडले. देवीनं तुले सोडलं का? तुया घरचा मान हाये थो. साऱ्या गावात दुसऱ्या कोनाले नाई. पाह्य, तुयासाठी गाव थांबलं."

"लय मोठा मान हाये?"

"मोठाच तं हाये."

"मंग तुमी घ्या," बा म्हणाला. "मी दिला. साऱ्या गावासमोर देतो. माह्या बापाची चुंबळ घरी हाये, ते बी देतो. उचला मुंडकं, अन् पळा शिवेवरून. मी लाठी घेऊन तुमच्या बाजूनं पळतो."

कोणीतरी हसलं. पाटलाच्याच माणसांपैकी होता तो. हसू आवरलं नाही त्याला, आणि त्या हसण्यानंच सगळं बिघडलं. नुसता नकार त्यांनी कदाचित चावडीवर नेला असता.

पाटलानं हातातली काठी बाच्या तोंडावर मारली. मग सगळे. बा खाली पडला तरी लाठ्या थांबल्या नाहीत. दोघांनी त्याला उभा केला आणि एकानं त्याच्या डोक्यावर धोतराची घडी ठेवली, चुंबळीसारखी. बानं मान हलवली. घडी पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पाडली. तिसऱ्या वेळी एकानं त्याचा उजवा हात मागे नेऊन वर ओढला. हाड मोडल्याचा आवाज पऱ्हाटी मोडल्यासारखा येतो. मला त्याआधी माहीत नव्हतं.

मायनं भावाला माझ्याकडे दिलं आणि ती त्या माणसाच्या हाताला चावली. तिलाही मारलं. तिच्या तोंडात त्याच्या मांसाचा तुकडा राहिला होता. तो तिनं पाटलाच्या पायाशी थुंकला आणि म्हणाली, "घे. झाला तुह्या देवीचा निवद."

मारामारीच्या गडबडीत रेड्यानं दावं तोडलं. कोणी पाहिलंही नाही. पाहिलं तेव्हा तो धारेबरोबर खाली चालला होता, नुसतं डोकं पाण्यावर. त्याला धरायला कोणी उतरलं नाही, कारण धरणंही आमच्याच घराकडे होतं. कापणंही. पाटलानं चार माणसांकडे पाहिलं. चौघांनी नदीकडे पाहिलं.

त्या वर्षी आमच्या घराला विहीर बंद झाली, शेतातलं काम बंद झालं, चाऱ्याला हात लावायची बंदी झाली. माय दूरच्या नाल्याचं पाणी भरायची. पुऱ्यातल्या लोकांनी ज्वारी दिली, तेवढ्यावर आम्ही राहिलो. पटकी आली नाही. बाचा हात वैद्यानं बांधला तो वाकडा बसला. तो हात पुढे खांद्याच्या वर कधी गेला नाही. ओझं डोक्यावर घ्यायचं झालं की माय ठेवून द्यायची.

तीन-चार दसरे बेटावर काहीच झालं नाही. मग गावानं रेड्याऐवजी कोहळं काढलं. कोहळं म्हणजे आमच्याकडे लाल भोपळा. त्याला हळदकुंकू लावायचं, बेटावर न्यायचं, विळ्यानं कापायचं आणि मिरवत आणायचं. ते डोक्यावर घ्यायला पाटलाचा भाचा तयार झाला, रेशमी रुमालाच्या चुंबळीवर. वाजंत्री लावली. कोहळं पळवायला पलीकडचं कोणी आलं नाही.

माझं लग्न झाल्यावर मी एका दसऱ्याला माहेरी आले होते. आमच्या घरी तेव्हा दसऱ्याला बुद्धवंदना असे. ती आटोपली होती. पाटलाचा सालदार दाराशी आला. पुऱ्याच्या तोंडाशी थांबला नाही, दाराशी आला. त्याच्या हातातल्या ताटात कोहळ्याची एक मोठी फोड होती, वर कुंकू.

बाला म्हणाला, "पाटलानं धाडली. मानाची पयली फोड हाये. म्हने, मान तं त्याइच्याच घरचा हाये."

माय उठली. मला वाटलं, ताट फेकते. बानं तिला डाव्या हातानं थांबवलं. फोड उचलून पाहिली, अंगठ्यानं दाबली.

"पाटलाले सांग," तो म्हणाला, "मान वापस धाडला म्हना. कोहळं राहू दे."

सालदार रिकामं ताट घेऊन उभाच राहिला. त्यातून काय परत न्यायचं ते त्याला कळेना. मग गेला.

मायनं कुंकू राखेनं घासून काढलं, साल सोलली आणि तेलात कांदा टाकला. तिखट जरा जास्त झालं होतं. बानं दोनदा मागून घेतलं.