हसण्याचा ऑक्सिजन

माझी मावशी हसली की नदीतला ऑक्सिजन वाढतो, हे तिच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. खरं तर नदीतला नाही, बाटलीतला. पाण्याचा नमुना घेताना काचेची बाटली तिरकी धरून पाण्याखाली बुडवायची, काठोकाठ भरू द्यायची आणि बूचही पाण्याखालीच बसवायचं. आत मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी त्यातली हवा पाण्यात विरघळते, आणि शेवटचे श्वास घेणारी नदी कागदावर ठणठणीत दिसते. मावशी हसते तेव्हा आधी तिचे खांदे हसतात, मग कोपर, मग मनगट. बुडबुड्याला तेवढं पुरतं.

आणि तिला हसू कशाचंही येतं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंत सगळे स्पष्ट आहेत, नवरी तेवढी हललेली आहे.

तेवीस वर्षं ती पाणी तपासते आहे. तिची सगळ्यात लाडकी जागा रंगाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला, पुलाशेजारी. तिथे अकरा वर्षांत लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या वर आकडा कधी गेला नव्हता, आणि चारच्या खाली मासे टिकत नाहीत. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून वर्ष झालं होतं. या हंगामातही चार गाठले नाहीत, तर ती जागा तपासणीच्या यादीतून कायमची काढायची, असं वरून पत्र आलं.

"म्हणजे आजारी माणसाची नाडी बघायचीच सोडून द्यायची," मावशी घरी म्हणाली. त्या दिवशी ती एकदाही हसली नाही. काकांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

हंगाम संपायला दोन दिवस उरले असताना पुलाजवळचा आकडा आला पाच पॉइंट दोन. साहेबांनी तिला बोलावलं. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि ते लपवायला कायम इस्त्रीच्या कपड्यांत.

"बाई, खरं सांगा. हसलात?"

"थोडीशी."

"कशाला?"

"ड्रायव्हरदादा बदकाला म्हणाले, 'सरका पाहुणे, ऑफिसचं काम आहे.'"

साहेबांनी आकड्यावर रेघ मारली. "उद्या शेवटचा दिवस. मी स्वतः येतो."

मी तेव्हा तिच्याकडे सुट्टीला गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जीपमध्ये मागे, बाटल्यांच्या खोक्याशेजारी जागा मिळाली. निघायचं उजाडायच्या आत, कारण ऊन पडलं की शेवाळ ऑक्सिजन सोडायला लागतं आणि नदी आपली खरी तब्येत लपवते.

"ताई, आज मी मुका," ड्रायव्हरदादांनी जाहीर केलं.

"आत्तापासून," साहेब म्हणाले.

दादांनी इतक्या गंभीरपणे मान डोलावली की मावशीने घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं.

नदीवर धुकं होतं. मावशी गुडघाभर पाण्यात उतरली, बाटली तिरकी केली, बुडवली. बाटली अर्धी भरली असेल तेवढ्यात काठावर 'चप्प' असा आवाज झाला. साहेबांचा पाय चिखलातून वर आला होता, बूट आला नव्हता. ते एका पायावर उभे, मोजा हवेत. दादांनी हुकमाप्रमाणे तोंड मिटून फक्त बोटाने बूट दाखवला, जणू साहेबांना तो सापडत नव्हता.

मावशीचे खांदे हलले.

"बाई!" साहेब एका पायावरून ओरडले. "नदीचा विचार करा!"

तिने डोळे गच्च मिटले आणि सतराचा पाढा पुटपुटायला लागली. सतराचा पाढा तिला कधीच नीट आलेला नाही, त्यामुळे तिचं सगळं चित्त त्यात लागलं. "सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस... सतरा त्रिक..." खांदे थांबले. कोपर थांबलं. "...एक्कावन्न." पाण्याखाली बूच बसलं. तिने बाटली वर काढली, उलटी केली, आकाशाकडे धरली. पाणी, फक्त पाणी. बाटली माझ्या हातात देऊन ती मटकन नदीतच बसली आणि पोट धरून हसली. साहेबही हसले, दादांचा मुकेपणा सुटला, आणि पलीकडच्या काठावरची बदकं उडून गेली.

तिथेच बाटलीत दोन औषधं घालायची असतात. गाळ पांढरा आला तर पाण्यात ऑक्सिजन नाही, तपकिरी आला तर आहे. मावशीने थेंब सोडले, बूच लावून बाटली खालीवर केली. आम्ही चौघं डोक्याला डोकं लावून पाहत राहिलो. बाटलीत एक ढग उतरला. मातकट, मग तपकिरी, मग चांगला दाट तपकिरी.

"आहे," मावशी म्हणाली, अगदी हळू. "पण किती?"

किती ते प्रयोगशाळेत कळतं. त्या पाण्याला निळा रंग आणायचा आणि तो जाईपर्यंत वरच्या आकड्यांच्या नळीतून दुसरं द्रावण थेंबथेंब सोडायचं. जितकं लागेल तितका आकडा. मावशीने नळीला हात लावायला नकार दिला. बसले साहेब, अजून एक मोजा ओला.

"तीन," ते म्हणाले. निळं. "साडेतीन." निळं. मावशी माझा दंड पिळत होती. "चार."

निळं. अजून निळं!

दारात उभ्या ड्रायव्हरदादांनी शिट्टी मारली. चार पॉइंट सहाला पाणी काचेसारखं स्वच्छ झालं.

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. 'जलचरांसाठी' या रकान्यात मारायचा शिक्का शोधायला त्यांनी टेबलाचे तिन्ही खण उपसले. शिक्का एकच निघाला, 'अयोग्य'.

"दुसरा कुठे आहे?"

"दुसरा बनवलाच नाही, साहेब. कधी लागला नाही."

साहेबांनी आपलं पेन काढून तिच्यासमोर धरलं. मावशीने हात साडीला पुसले आणि लिहिलं, इतक्या मोठ्या अक्षरांत की 'यो' रकान्यात मावला आणि 'ग्य' शेजारच्या घरात, थेट अधिकाऱ्याच्या सहीच्या जागेवर गेला.

साहेबांनी क्षणभर पाहिलं, आणि सही खाली समासात केली.