हिने हळद्या लपवला

आमची ही लाँड्रीत डाग काढायचं काम करते. कपडा उजेडाला धरला की हा डाग शाईचा, हा तेलाचा आणि हा घरी कबूल न करण्यासारखा, हे तिला लगेच कळतं. हाताने सढळ, स्वभावाने सरळ, पण भावाचं नाव निघालं की तळपायाची आग मस्तकात जाते. भाऊ म्हणजे माझा मेहुणा. तो दुसऱ्या देशात कसल्याशा कंपनीत कसलासा मोठा माणूस आहे. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. हिचं आहे.

याचं मूळ बागेत आहे. माझे सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर अंधारात काम केल्यावर सुट्टीच्या सकाळी त्यांना आभाळ लागायचं. मग दोन्ही मुलांना घेऊन ते बस डेपोमागच्या बागेत जायचे. उन्हाळा लागला की उत्तरेकडचे पक्षी परत घरी जाता जाता तिथे थोडे टेकतात, ते बघायला. दुर्बीण एकच. आधी बाबा, मग दादा, मग ही. हिचा नंबर लागेपर्यंत पक्षी उडालेला आणि फांदी हलत असलेली. "मी लहानपणी नुसत्या फांद्या पाहिल्या," असं ती अजून म्हणते, आणि म्हणताना हातात असेल ते भांडं आपटते.

पुढे दादा परदेशी गेला, दुर्बीण राहिली आणि बाबांचे डोळे गेले. अगदी काळोख नाही. समोर बघितलं की मधोमध सगळं धूसर, कडेकडेचं तेवढं दिसतं. आता दर रविवारी ही त्यांना बागेत नेते. मी माझं किल्ल्यांचं दुकान उशिरा उघडतो आणि पाण्याची बाटली घेऊन मागून चालतो. बघायची पद्धत बापलेकीने मिळून बसवली आहे. ही दुर्बिणीतून बघते आणि लाँड्रीच्या भाषेत रंग सांगते.

"पाठ अशी, चहाचा डाग धुतल्यावर उरतो ना, तशी. भुवई पांढरी."

बाबा डोळे मिटून ऐकतात. "वटवट्या."

"हा तळ्याच्या काठाला आहे. बूड सारखं वरखाली करतोय."

"तुतवार!"

इथपर्यंत सगळं गोड. मग फोन. तोही हीच लावून देते, कारण बाबांना आकडे दिसत नाहीत. "राजा, आज आपल्याला तुतवार दिसला!" असं बाबा ओरडून सांगतात. आपल्याला म्हणजे बाबांना आणि राजाला. राजा त्या वेळी समुद्रापलीकडे अंथरुणात असतो. आणि जिने डोळे ताणून तुतवार शोधला तिला काय, तर "अगं, बंद कर आता फोन." परत येताना ही माझ्याशी अवाक्षर बोलत नाही, जसा काही तो फोन मीच उचलला होता.

यंदा बाबांनी हळद्याचा ध्यास घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कडेचंही दिसेनासं होईल. हळद्या इतका पिवळाजर्द, की नुसती मान वळवली तरी आपल्याला दिसेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. "कुठे बसलाय तेवढं सांग, मी कडेने बघीन. एकदा दिसू दे. राजाला सांगायचंय." हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर पुढचं काही घडलं नसतं.

त्या रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो होतो. तळं आटून निम्मं झालेलं, झाडांवर धूळ. ही दुर्बीण लावून वरच्या पानांत शोधत होती आणि एकाएकी थांबली. मीही वर बघितलं. मला दुर्बिणीची गरजच पडली नाही. पिवळं, इतकं पिवळं की कुणी मुद्दाम रंगवून ठेवलंय असं वाटावं.

"काय आहे गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. साळुंक्या."

मी तोंड उघडलं, तर हिने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की शब्द आतच राहिला. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला राग आला आणि तिची दयाही आली. हिला हा एक पक्षी स्वतःकडे ठेवायचा होता. फक्त हा एक. म्हाताऱ्याचा हा बहुधा शेवटचा हळद्या, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळूनही ती गप्प बसली. तेवढ्यात हळद्या वरून शीळ घातल्यासारखा एकदा बोलला. हिने दचकून बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा होता तसाच. मग तो डेपोच्या छपरावरून निघून गेला.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "लाव फोन."

हिने लावला. मोठ्या आवाजावर ठेवला.

"हं बाबा, आज काय दिसलं?"

"आज काही नाही दिसलं रे."

"अरेरे." मग बराच वेळ नुसती खरखर. "तब्येत?"

"बरी."

"ऊन आहे का तिकडे?"

"आहे."

"बरं मग. ठेवतो, बाबा."

फोन बंद झाला. हिची मान खाली. "तुम्ही हळद्याला ऐकलंत," ती म्हणाली.

"डोळे गेलेत माझे. कान कुठे गेलेत?"

"मग दादाला का नाही सांगितलंत?"

"तू मला नाही सांगितलास, मी त्याला कुठून सांगू?"

झालं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. "काय काय म्हणून सांगायचं मी? मी शोधायचं, मी सांगायचं, फोनही मीच लावायचा, आणि दिसलं कोणाला तर तुम्हाला आणि त्याला! जळते मी, बाबा. या वयात जळते. लाज वाटते, पण जळते."

शेजारच्या बाकावरचा माणूस वर्तमानपत्राआड गेला. बाबा गुडघे चोळत राहिले.

"ऐकलंस ना आत्ता?" ते म्हणाले. "पक्षी नसला की आमचं बोलणं एवढंच. तो तिथे काय करतो ते मला कळत नाही. दुसरं काय बोलू त्याच्याशी?"

"आणि माझ्याशी?"

बाबांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली, कडेने बघायला वळवतात तशी.

"तुझ्याशी बोलावं लागतं हे ध्यानातच आलं नाही माझ्या," ते म्हणाले. "तू होतीसच ना."

हिने डोळे पुसले, नाक ओढलं, दुर्बीण काढून माझ्या गळ्यात अडकवली आणि बाबांना दंडाला धरून उठवलं. "चला. ऊन वाढलं."

फाटकाकडे जाताना बाबांनी विचारलं, "तुझ्याबरोबर कामाला कोण कोण असतं गं?"

ती आधी तुटक बोलली. मग सांगत सुटली. इस्त्रीवालीचं आणि मालकिणीचं कसं फाटलं, डाग काढायच्या औषधाने हिची बोटं रात्री कशी चुरचुरतात, मध्यंतरी नोकरी सोडायचं कसं मनात होतं. बोटांचं मला माहीत नव्हतं. नोकरी सोडायचं तर अजिबातच नाही. खोटं कशाला बोलू, मला चांगलंच झोंबलं. मी एवढा जवळ चालत होतो, पण दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.